कंट्रोल-सी दाबलं, पण ऐकलं कुणी? पायथनच्या ‘पूल’ची चिकित्सा

संशोधनाला लागण्याआधी आपण सांख्यिकी शिकतो, साहित्याचा आढावा कसा घ्यायचा ते शिकतो, संदर्भ कसे द्यायचे तेही शिकतो. चालू असलेला प्रोग्राम मध्येच थांबवायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. त्यात शिकवण्यासारखं काय आहे असंच वाटतं. कंट्रोल-सी दाबायचं, झालं. एका प्रोसेसचा साधा प्रोग्राम असेल तर खरंच झालं. पण काम आठ-दहा प्रोसेसमध्ये वाटलं की हीच दोन बटणं प्रत्येक मशीनवर वेगळं वागतात.

आजच्या लेखात पायथनच्या ‘मल्टिप्रोसेसिंग’ मधला ‘पूल’ तपासायचा आहे. निवड मुद्दाम केलीय. जीवशास्त्र असो, भाषाशास्त्र असो की अर्थशास्त्र, ज्याला भरपूर फाइल्सवर तेच काम करायचंय तो बहुधा पहिल्यांदा पूलकडेच वळतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: पूल काम वाटायला चांगला आहे, पण काम थांबवायच्या बाबतीत त्याचा करार अपुरा आहे. आणि तो अपुरेपणा झाकायला जे तीन उपाय सगळीकडे सुचवले जातात, त्यातला एकही एकटा पुरत नाही.

नुकसान नेमकं काय?

समजा चार हजार फाइल्स आहेत, प्रत्येकीतून एक आकडा काढायचा आहे. आठ वर्कर लावले. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं की एक पॅरामीटर बदलायला हवा. कंट्रोल-सी दाबलं. आता पाच गोष्टी होऊ शकतात.

एक, सगळं शांतपणे थांबतं. दोन, पडदाभर एरर येतात, पण थांबतं. तीन, प्रॉम्प्ट परत येतच नाही, टर्मिनलची खिडकी बंद करावी लागते. चार, प्रॉम्प्ट येतो, पण काही वर्कर मागे चालूच राहतात आणि लॅबच्या सामायिक मशीनची मेमरी खात बसतात. पाच, सगळं शांतपणे थांबल्यासारखं दिसतं, पण एक निकालाची फाइल अर्धी लिहिलेली असते.

पहिल्या चारांत निदान काहीतरी दिसतं. पाचवी सगळ्यात वाईट. कारण पुढच्या वेळी तुमचा प्रोग्राम ‘ही फाइल आहेच, म्हणजे काम झालंय’ असं धरून पुढे जातो, आणि तो अर्धा निकाल सरासरीत जाऊन बसतो. म्हणजे हा प्रश्न नुसता सोयीचा नाही, आकड्यांच्या खरेपणाचा आहे.

युनिक्स घराण्यात काय घडतं

लिनक्स आणि मॅकवर कंट्रोल-सी ही प्रोग्रामला पाठवलेली गोष्ट नसतेच मुळी. तुम्ही टर्मिनलला एक अक्षर पाठवता, ज्याचा क्रमांक ३ आहे. कर्नेलमधला टर्मिनल ड्रायव्हर ते अक्षर ओळखतो आणि त्याऐवजी ‘सिगइंट’ नावाचा सिग्नल पाठवतो. कुणाला? त्या टर्मिनलच्या ‘फोरग्राउंड प्रोसेस ग्रुप’मधल्या प्रत्येकाला. तुमची मुख्य प्रोसेस आणि तिने जन्माला घातलेले आठ वर्कर साधारणपणे एकाच ग्रुपमध्ये असतात. म्हणजे सिग्नल नऊ जणांना जातो.

इथेच पहिला गैरसमज मोडायला हवा. अनेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की मुख्य प्रोसेसला सिग्नल मिळतो आणि ती मुलांना निरोप देते. तसं नाही. वर्गात शिक्षकांनी ‘थांबा’ म्हटल्यावर मॉनिटरने ते प्रत्येकाला सांगायचं, असा हा प्रकार नाही. घंटाच वाजते, सगळ्यांना एकदम ऐकू येते, आणि जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे उठतो.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या खिडकीतून ‘किल’ वापरून तुम्ही मुख्य प्रोसेसच्या क्रमांकावर सिगइंट पाठवला, तर तो फक्त तिलाच मिळतो, वर्करना नाही. म्हणजे एकच प्रोग्राम, एकच सिग्नल, पण कीबोर्डवरून आला तर नऊ जणांना आणि किलने आला तर एकाला. ग्रुपला पाठवायचा असेल तर ग्रुपचा क्रमांक उणे चिन्ह लावून द्यावा लागतो. तुमचा प्रोग्राम या दोन्ही वाटांनी नीट थांबतो का, हे बहुतेक वेळा कुणी पाहिलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट वारशाची. ‘फोर्क’ केल्यावर मुलाला पालकाचे सिग्नल-हँडलर जसेच्या तसे मिळतात. पण ‘एक्झेक’ करून नवा प्रोग्राम सुरू केला की स्वतः लिहिलेले हँडलर पुसले जातात आणि मूळ वर्तन परत येतं. अपवाद एकच: जो सिग्नल ‘दुर्लक्ष करा’ म्हणून ठेवला होता, तो एक्झेकनंतरही दुर्लक्षितच राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

विंडोजची वेगळी रीत

विंडोजमध्ये युनिक्ससारखे सिग्नल नाहीतच. तिथे कन्सोल असतो. कंट्रोल-सी दाबलं की त्या कन्सोलला जोडलेल्या प्रोसेसना एक ‘कंट्रोल-सी घटना’ कळवली जाते, आणि ती कळवण्यासाठी सिस्टिम प्रत्येक प्रोसेसमध्ये एक नवा थ्रेड उभा करते. पायथन त्या थ्रेडमध्ये फक्त खूण करून ठेवतो आणि मग आपल्या मुख्य थ्रेडमध्ये नेहमीचा ‘कीबोर्डइंटरप्ट’ उठवतो. वरवर पाहता दोन्हीकडे सारखंच दिसतं. आतून मात्र नाही, आणि ते तीन ठिकाणी उघडं पडतं.

पहिलं, नवा प्रोसेस ग्रुप करून मूल जन्माला घातलं, तर विंडोज त्या मुलासाठी कंट्रोल-सी बंदच करून टाकतो. कंट्रोल-सी घटना विशिष्ट ग्रुपपुरती पाठवताही येत नाही. कंट्रोल-ब्रेक मात्र पाठवता येते.

दुसरं, पायथनमध्ये ‘ओएस-किल’ने दुसऱ्या प्रोसेसला सिगइंट पाठवला, तर लिनक्सवर ती विनंती असते. विंडोजवर ती हत्या असते. तिथे कंट्रोल-सी आणि कंट्रोल-ब्रेक या दोन खास घटना सोडल्या, तर कुठलाही क्रमांक दिला तरी प्रोसेस जागच्या जागी संपवली जाते आणि तो क्रमांक तिचा एक्झिट कोड होतो.

तिसरं तर फारच गमतीचं. युनिक्सवर ‘ही प्रोसेस जिवंत आहे का’ हे पाहायला शून्य क्रमांकाचा सिग्नल पाठवायची जुनी युक्ती आहे. त्याने काहीच बिघडत नाही. विंडोजवर शून्य हाच कंट्रोल-सी घटनेचा क्रमांक आहे. म्हणजे नाडी पाहायला हात लावला आणि गळाच धरला, असं व्हायचं.

मध्ये पायथन

पायथनमध्ये सिग्नल आला की लगेच तुमचा हँडलर चालत नाही. सी भाषेतला छोटा हँडलर फक्त नोंद करतो. पायथनचा हँडलर नंतर, मुख्य थ्रेडमध्ये, दोन बाइटकोड सूचनांच्या मधल्या फटीत चालतो. सी मध्ये लिहिलेला लांबलचक मॅट्रिक्स गुणाकार चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबावं लागतं. आणि मुख्य थ्रेड एखाद्या कुलुपावर वाट पाहत बसला असेल तर?

याचं उत्तर आवृत्तीनुसार बदलतं. पायथन २ मध्ये वेळेची मर्यादा न देता वाट पाहिली की कंट्रोल-सीचा परिणामच होत नसे. पायथन ३.२ पासून कुलुपावरची वाट सिग्नलने मोडता येऊ लागली, पण ती सुधारणा पॉझिक्स सिस्टिमपुरती होती. विंडोजवर पुढे कित्येक वर्षं ती अडचण तशीच राहिली. म्हणून तोच प्रोग्राम लिनक्सवर थांबतो आणि विंडोजवर ढिम्म हलत नाही.

कीबोर्डइंटरप्टबद्दल आणखी एक. तो ‘एक्सेप्शन’चा वंशज नाही, २.५ पासून थेट ‘बेसएक्सेप्शन’चा आहे. त्यामागचा हेतू चांगला होता: तुम्ही ‘कुठलीही चूक आली तर पुढे चला’ असं लिहिलं, तरी कंट्रोल-सी त्यात गिळलं जाऊ नये. पूलचा मोठा घोटाळा मात्र याच चांगल्या हेतूतून सुरू होतो.

पूलवरचा मुख्य आक्षेप

पूलमधला वर्कर एक साधं चक्र चालवतो. रांगेतून काम घ्यायचं, फंक्शन चालवायचं, निकाल किंवा चूक परत पाठवायची. चूक पकडताना तो फक्त एक्सेप्शन पकडतो. कीबोर्डइंटरप्ट त्यात बसत नाही, त्यामुळे तो वर्करच्या चक्राबाहेर निघतो आणि वर्कर मरतो. त्याच्या हातातलं काम? त्याचा निकाल येत नाही, चूकही येत नाही. पूलचा देखरेख करणारा थ्रेड पाहतो की एक वर्कर कमी झालाय, आणि निमूटपणे नवा वर्कर भरती करतो. हरवलेल्या कामाची चौकशी कुणीच करत नाही.

आता मुख्य प्रोसेसमध्ये तुम्ही कीबोर्डइंटरप्ट पकडला आणि सभ्यपणे ‘क्लोज’ आणि ‘जॉइन’ म्हटलं, तर पूल त्या हरवलेल्या निकालाची वाट पाहत राहतो. कायमची. जॉइनला वेळेची मर्यादा देण्याची सोयच नाही. हीच वर सांगितलेली तिसरी अवस्था.

मुद्दा कंट्रोल-सीपुरता नाही. लिनक्सवर मेमरी संपली आणि कर्नेलने एखादा वर्कर मारला, तरी हेच होतं. मॅप अडकतो, कारण कळत नाही, आणि रात्रभर लावलेलं काम सकाळी तिथंच असतं. म्हणून मी याला किरकोळ उणीव म्हणत नाही. ‘काम हाती घेतलेला माणूस निघून गेला तर काय’ हा प्रश्न पूलच्या रचनेत विचारलेलाच नाही.

न्यायाने बोलायचं तर मल्टिप्रोसेसिंग २००८ साली, पायथन २.६ सोबत आलं. तेव्हा प्रश्न होता एका प्रोसेसमधल्या कुलुपातून सुटून सगळे कोअर वापरायचे कसे, आणि तो त्याने उत्तम सोडवला. शिवाय ‘विथ’ वापरून पूल उघडला, तर बाहेर पडताना तो ‘टर्मिनेट’ करतो, आणि लिनक्सवर नव्या आवृत्त्यांत बहुतेक वेळा काम थांबतं. पण टर्मिनेट म्हणजे युनिक्सवर सिगटर्म आणि विंडोजवर थेट अंत. पायथनच्या दस्तऐवजातच इशारा आहे: अशा वेळी ‘फायनली’मधली आवराआवर चालत नाही, वापरात असलेली रांग किंवा पाइप बिघडू शकते, आणि त्या प्रोसेसची मुलं मागे अनाथ राहतात. म्हणजे थांबतं ते पाचव्या अवस्थेची टांगती तलवार ठेवूनच.

धाकटं भावंड काय करतं

‘प्रोसेसपूलएक्झिक्युटर’ नंतर आला आणि एका बाबतीत शहाणा आहे. वर्कर अचानक मेला, तर तो ‘पूल मोडला’ असं स्पष्ट सांगतो आणि उरलेल्या सगळ्या कामांना तीच चूक देतो. गप्प बसत नाही. वर्करमध्ये तो बेसएक्सेप्शनसुद्धा पकडतो, त्यामुळे कामाच्या मध्यात आलेला कीबोर्डइंटरप्ट निकाल म्हणून मुख्य प्रोसेसकडे जातो.

पण यातून दुसराच गोंधळ होतो. इंटरप्ट पकडून परत पाठवला की वर्कर रांगेतलं पुढचं काम घेतो. तुम्ही हाताने ‘सबमिट’ केलेली हजार कामं असतील, तर पहिल्या कंट्रोल-सीने चालू असलेली आठ मोडतात आणि पुढची आठ सुरू होऊ शकतात. कारण ‘विथ’मधून बाहेर पडताना हा गडी टर्मिनेट करत नाही, सगळं संपायची वाट पाहतो. रांगेतली कामं रद्द करायचा पर्याय ३.९ मध्ये आला, तोही तुम्ही स्वतः मागितला तर. वर्करना संपवायच्या थेट पद्धती तर ३.१४ मध्ये आल्या. लोक कंटाळून तीन-चार वेळा कंट्रोल-सी दाबतात आणि मग आवराआवरच अर्धवट राहते, त्याचं मूळ इथे आहे.

थोडक्यात, एक भाऊ मेलेल्याची नोंद घेत नाही, दुसरा थांबायला सांगितलं तरी पुढचं काम उचलतो.

तीन लोकप्रिय उपाय आणि त्यांच्या मर्यादा

*पहिला: वेळेची मोठी मर्यादा द्या.* निकाल मागताना नव्याण्णव लाख वगैरे सेकंदांची मर्यादा द्यायची, म्हणजे कंट्रोल-सी चालतं, असा हा उपाय. पायथन २ मध्ये मर्यादा दिलेली वाट आतून थोडं झोपणं, थोडं पाहणं अशी चालायची. त्या फटीत सिग्नल घुसायचा. पायथन ३ मध्ये ती अंतर्गत रचना बदलली. लिनक्सवर आता या युक्तीची गरज उरली नाही. आणि जिथे गरज होती त्या विंडोजवर एकच लांबलचक मर्यादा उपयोगाची राहिली नाही. तिथे अर्ध्या-एका सेकंदाची छोटी मर्यादा पुन्हापुन्हा द्यावी लागते. युक्तीमागचं कारण गेलं, युक्ती मात्र अजून एका कोडमधून दुसऱ्यात चिकटवली जातेय. संशोधनात ‘आधीच्या पेपरमध्ये असंच केलंय’ म्हणून पद्धत उचलतात, त्यातलाच हा प्रकार.

*दुसरा: वर्करच्या फंक्शनमध्ये कीबोर्डइंटरप्ट पकडा.* याने फंक्शन चालू असतानाचा इंटरप्ट पकडला जातो. पण त्याच क्षणी वर्कर रांगेतून काम घेत असेल किंवा निकाल लिहीत असेल, तर तो भाग पूलच्या कोडमध्ये आहे, तुमच्या हातात नाही. शिवाय पकडून ‘काही नाही’ परत पाठवलं, तर मुख्य प्रोसेसला वाटतं काम झालं आणि निकाल रिकामा आला. ‘मोजलं, पण काही सापडलं नाही’ आणि ‘मोजलंच नाही’ या दोन गोष्टी एकाच खुणेने लिहिणं, हे कुठल्याही संशोधनात अक्षम्य आहे.

*तिसरा: वर्करने सिगइंटकडे दुर्लक्ष करावं.* पूल उघडताना ‘इनिशियलायझर’ द्यायचा, आणि त्यात सिगइंट ‘दुर्लक्ष करा’वर ठेवायचा. तिन्हींत हा सगळ्यात योग्य दिशेचा. घंटा सगळ्यांना ऐकू येते ना, मग निर्णय एकानेच घ्यावा, हे त्यामागचं तत्त्व बरोबर आहे. पण यात तीन भोकं आहेत.

पहिलं भोक बाहेरच्या प्रोग्रामचं. वर्कर आतून एखादा बाहेरचा प्रोग्राम चालवत असेल, म्हणजे व्हिडिओ कापणारा किंवा जनुकांचे क्रम जुळवणारा, तर काय? मघाचं वाक्य आठवा: दुर्लक्ष एक्झेकनंतरही टिकतं. त्यामुळे त्या बाहेरच्या प्रोग्रामलाही कंट्रोल-सी ऐकू येत नाही. मुख्य प्रोसेस वर्करना टर्मिनेट करते, वर्कर जातात, आणि तो नातू मागे चालूच राहतो. चौथी अवस्था.

दुसरं भोक वेळेचं. ‘स्पॉन’ पद्धतीत प्रत्येक वर्कर म्हणजे नवा पायथन. तो सुरू होऊन, तुमचं मॉड्यूल इम्पोर्ट होऊन, मग इनिशियलायझर चालतो. मोठी लायब्ररी असेल तर यात काही सेकंद जातात, आणि तेवढा वेळ वर्कर उघडा असतो. विंडोजवर स्पॉनच आहे, मॅकवर ३.८ पासून तोच मूळ पर्याय आहे. लिनक्सवर इतकी वर्षं फोर्क होता, ३.१४ पासून तिथे ‘फोर्कसर्व्हर’ आलाय. म्हणजे पायथन नुसतं अपडेट केलं तरी हे वागणं बदलू शकतं.

यावर कुणी म्हणेल, पूल उघडण्याआधी मुख्य प्रोसेसमध्येच दुर्लक्ष लावू आणि नंतर काढून घेऊ. लिनक्स आणि मॅकवर वारशाने ते पोचतं. विंडोजवर पायथनने लावलेलं दुर्लक्ष मुलाला वारशाने मिळत नाही. आणि मेलेल्याच्या जागी नंतर जन्मलेला वर्कर लिनक्सवरसुद्धा फोर्क पद्धतीत या संरक्षणाशिवाय जन्मतो.

तिसरं भोक सगळ्यात साधं. वर्कर ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांना थांबवायला उरतो फक्त टर्मिनेट. म्हणजे पुन्हा अर्धी फाइल.

घरातल्या घरात वेगळा न्याय

मल्टिप्रोसेसिंगच्या लेखकांना हे सगळं माहीत नव्हतं असं नाही. त्याच मॉड्यूलमध्ये फोर्कसर्व्हरची प्रोसेस स्वतः सिगइंटकडे दुर्लक्ष करते. सामायिक साधनांचा हिशेब ठेवणारी ‘रिसोर्स ट्रॅकर’ सिगइंट आणि सिगटर्म दोन्हींकडे दुर्लक्ष करते. ‘मॅनेजर’च्या सर्व्हर प्रोसेसलाही पुढे ३.८ च्या सुमारास हेच संरक्षण दिलं गेलं. म्हणजे ‘मदतनिसांनी कीबोर्डचं ऐकू नये, मालकाचं ऐकावं’ हे तत्त्व घरातल्या सगळ्या नोकरांना लागू झालं, फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या वर्करना नाही. त्यांचं तुम्ही तुमचं बघा.

शेजारी पाहा. ‘पायटॉर्च’चा डेटालोडर याच मॉड्यूलवर उभा आहे. त्याचे वर्कर कीबोर्डइंटरप्ट पकडून निमूट बाजूला होतात, कारण मुख्य प्रोसेसमध्ये तो येणारच आहे. आणि मुख्य प्रोसेस जिवंत आहे का, हे वर्कर ठरावीक वेळाने स्वतः तपासतात. लिनक्सवर पालकाचा क्रमांक बदलला का ते पाहून, आणि विंडोजवर पालकाचं हँडल धरून, कारण विंडोजवर पालक गेला तरी क्रमांक तोच राहतो. एकच प्रश्न, दोन सिस्टिम, दोन वेगळी उत्तरं, आणि ती लिहिण्याचे कष्ट कुणीतरी घेतलेत. पूलकडून माझी अपेक्षा एवढीच आहे.

मग करायचं काय?

टीका करून सोडून देणं सोपं असतं. म्हणून माझ्या मते निदान एवढं करा:

१. वर्करमध्ये दुर्लक्ष नको, रिकामा हँडलर लावा. इनिशियलायझरमध्ये सिगइंटसाठी काहीही न करणारं छोटं फंक्शन द्या. परिणाम दुर्लक्षासारखाच, पण एक्झेकनंतर ते पुसलं जातं, त्यामुळे बाहेरचा प्रोग्राम कंट्रोल-सी ऐकतो. मध्येच तुटलेल्या सिस्टिम कॉलची चिंता नको. ३.५ पासून पायथन ते स्वतः पुन्हा करतो. सुरुवातीच्या उघड्या सेकंदांत एखादा वर्कर मेला तरी त्याच्या हातात काम नसतं, फार तर पडद्यावर एरर दिसतात.

२. त्याच इनिशियलायझरमध्ये सिगटर्म मूळ वर्तनावर आणा. मुख्य प्रोसेसने सिगटर्मसाठी हँडलर लावला असेल, तर फोर्कमध्ये तो वर्करनाही मिळतो. मग टर्मिनेटचा सिग्नल वर्कर नुसता नोंदवून ठेवतात, मरत नाहीत, आणि पूल त्यांच्या मरणाची वाट पाहत बसतो.

३. थांबण्याची एक सामायिक पाटी ठेवा. मल्टिप्रोसेसिंगचा ‘इव्हेंट’ इनिशियलायझरमधून द्या, कामाच्या आर्ग्युमेंटमधून देता येत नाही. प्रत्येक काम सुरू होताना, आणि मोठं असेल तर मधूनमधून, वर्करने ही पाटी पाहायची. पाटी लागली असेल तर ‘केलं नाही’ अशी स्पष्ट खूण परत पाठवायची. म्हणजे उरलेली रांग झटक्यात रिकामी होते आणि न केलेली कामं वेगळी ओळखता येतात.

४. मुख्य प्रोसेसने छोट्या मर्यादेने वाट पाहावी. ‘मॅप’ऐवजी ‘मॅप-असिंक’ घ्या आणि अर्ध्या सेकंदाच्या मर्यादेने निकाल पुन्हापुन्हा मागा. म्हणजे तिन्ही सिस्टिमवर इंटरप्ट पोचतो.

५. मुदत ठरवा. पहिल्या कंट्रोल-सीला पाटी लावा आणि, समजा, दहा सेकंद थांबा. मुदत संपली किंवा दुसऱ्यांदा कंट्रोल-सी आलं, तर टर्मिनेट. जॉइनला मर्यादा नाही, म्हणून ही वाट निकालावर पाहा, जॉइनवर नाही.

६. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. ‘ओएस-रिप्लेस’ ३.३ पासून सगळ्या सिस्टिमवर जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवतो. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये असू द्या. बाकी पाचही नियम विसरलात तरी हा विसरू नका. कारण वीज गेली तर कुठलाही हँडलर चालत नाही, पण खऱ्या नावाखाली अर्धी फाइल बसायची शक्यता यामुळे फारच कमी होते.

क्लस्टरवर काम करणाऱ्यांसाठी जोड: तिथे कीबोर्ड नसतो. ‘स्लर्म’मध्ये काम रद्द केलं की आधी सिगटर्म येतो आणि ठरावीक मुदतीनंतर, मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांनी, सिगकिल. म्हणून मुख्य प्रोसेसचा सिगटर्म हँडलर तीच पाटी लावेल असं करा, आणि तुमची दहा सेकंदांची मुदत त्या ३० सेकंदांच्या आत बसते ना, ते पाहा.

तपासायचं कसं

‘माझ्याकडे चालतं’ हा पुरावा नाही. दहा-दहा सेकंद झोपणारी शंभर कामं घ्या आणि चार प्रसंग करून पाहा: सुरुवातीच्या दोन सेकंदांत कंट्रोल-सी, कामाच्या मध्यात कंट्रोल-सी, लागोपाठ दोनदा कंट्रोल-सी, आणि दुसऱ्या खिडकीतून फक्त मुख्य प्रोसेसला सिग्नल. (हा चौथा विंडोजवर वेगळा करावा लागेल, तिथे त्याचा अर्थ हत्या आहे हे वर पाहिलंच.) प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून ठेवा: प्रॉम्प्ट किती वेळात आला, मागे किती प्रोसेस उरल्या, आणि ‘झालं’, ‘चुकलं’, ‘केलं नाही’ या तिन्हींची बेरीज शंभर येते का.

शेलमध्ये एक्झिट कोडही पाहा. कंट्रोल-सीने थांबलेला प्रोग्राम शेलला १३० दाखवतो. पायथन ३.८ पासून न पकडलेल्या कीबोर्डइंटरप्टनंतर इंटरप्रिटर खरोखर सिगइंटनेच संपतो, म्हणजे बाहेरच्या शेल-स्क्रिप्टला कळतं की माणसाने थांबवलंय. तुम्ही इंटरप्ट पकडून शून्य परत दिलात, तर ती स्क्रिप्ट ‘यशस्वी’ समजून पुढच्या पायरीला लागेल, अर्धवट निकाल घेऊन.

पूल वापरू नका असं मी म्हणत नाही. मीही वापरते. पण एखादं साधन निवडताना ते काम कसं करतं एवढंच न पाहता, मध्येच थांबवलं तर ते काय मागे ठेवतं, हेही विचारा. थीसिसच्या ‘पद्धती’च्या प्रकरणात ही ओळ कुणी मागणार नाही. आकडे जुळेनासे झाले की मात्र पहिली शंका इथूनच घ्यावी लागते. शंभर कामांची ती चाचणी अर्ध्या तासात होते. पुढचा मोठा रन लावायच्या आधी ती करून टाका.